बोंडअळीला बीटीची ‘सवय’ झाली का?

बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच्या अंगात तयार करणारं कापसाचं वाण. कापूस पट्ट्यात एक मेसेज बरीच वर्षं फिरतोय: ‘बीटी खाऊन खाऊन बोंडअळीला त्या विषाची सवय झाली, म्हणून ती आता मरत नाही.’ रोज थोडी दारू पिणाऱ्याला ती कमी चढते, हे आपण बघतोच. त्यामुळे हा समज होणं अगदी साहजिक आहे.

पण ज्या अळीला ते विष लागू पडतं, ती सवय व्हायला जिवंतच राहत नाही. घडतं ते वेगळंच. लाखो अळ्यांत एखाद-दुसरी जन्मतःच अशी असते, की तिच्यावर विषाचा फारसा परिणाम होत नाही. बाकीच्या मरतात, ही उरते, तिचे पतंग होतात आणि तो गुण पिल्लांत उतरतो. पिढ्या भराभर येतात. काही हंगामांत शिवारात तिचाच गोतावळा. अळी बदलली नाही, अळ्यांची वस्ती बदलली.

पडताळायचं? १९५२ साली जिवाणूंच्या वसाहतींचा मखमलीवर ठसा घेऊन तो जिवाणू मारणारं औषध घातलेल्या बशीत उमटवला गेला. तिथे ज्या वसाहती तगल्या, त्यांच्या मूळ बशीतल्या भावंडांना औषधाचा स्पर्शही नव्हता, तरी तीही तगणारीच निघाली. म्हणजे तो गुण औषध लागण्याआधीपासूनच होता.

बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत नॉन-बीटीची १२० ग्रॅमची पुडी यायची, ती याचसाठी. कडेच्या ओळींत साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा तगणाऱ्यांशी संकर व्हावा, म्हणजे तो गुण विरळ राहतो. पुष्कळांनी ती पुडी बांधावरच टाकली. कुणी नीट सांगितलंच नव्हतं.