लिली टर्फ

शतावरी कुलातील (ॲस्पॅरेगेसी) बहुवर्षायू, सदाहरित शोभेची वनस्पती. प्रजातीचे नाव लिरिओपे. मूळस्थान चीन, जपान, कोरिया व तैवान. पाने गवतासारखी अरुंद, लांब व कमानदार असली तरी ती गवत नव्हे. बागेत मुख्यतः दोन जाती लावतात : गड्ड्याने (फुटव्यांच्या दाट झुबक्याने) वाढणारी, ३०–४५ सेंमी. उंचीची लिरिओपे मस्कारी आणि जमिनीखालील धावत्या खोडांनी पसरणारी लिरिओपे स्पिकाटा. दुसरी एकदा रुजली की वाफ्याची हद्द मानत नाही. लहान बागेत पहिलीच बरी. पावसाळ्याच्या उत्तरार्धात जांभळ्या फुलांचे उभे तुरे येतात व पुढे काळी, मण्यांसारखी फळे धरतात. रोपवाटिकांत हिची जवळच्या ऑफिओपोगॉनशी (मोंडो ग्रास) सर्रास गल्लत होते. ऑफिओपोगॉनची फुले खाली झुकलेली आणि फळे निळसर असतात, त्यामुळे फुलोऱ्यावर असताना फरक चटकन ओळखू येतो.

पुण्यात जुन्या बंगल्यांच्या आवारात आंबा-फणसाखाली हिरवळ टिकत नाही. ऊन मिळत नाही आणि झाडांची मुळे पाणी ओढून घेतात. अशा जागी लिली टर्फ चांगली तग धरते. सोसायट्यांच्या पोडियमवर स्लॅबवरील मातीचा थर पातळ असतो, तिथेही ती चालते. मात्र हिरवळीला पर्याय म्हणून ती लावणाऱ्यांची निराशा होते : तिच्यावर बसता येत नाही, मुलांना खेळता येत नाही; रोजच्या वर्दळीत गड्डे मोडतात. पायवाटेची कड किंवा झाडाचे आळे, हीच तिची खरी जागा. सकाळचे कोवळे ऊन तिला मानवते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा दुपारच्या उन्हात पाने करपतात; पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या वाणाची जास्तच.

खरी अडचण मातीची. शहराच्या बऱ्याच भागांतली काळी माती विम्लधर्मी (अल्कलाइन) असते आणि पावसाळ्यात चिकट होऊन पाणी धरून ठेवते. लिली टर्फला किंचित आम्लधर्मी, निचऱ्याची माती लागते. नव्या इमारतींभोवती बांधकामाचा राडारोडा मातीत मिसळलेला असल्यास तो आधी उपसून काढावा. त्यातील चुना-सिमेंटमुळे माती आणखी विम्लधर्मी होते व लोह न मिळाल्याने पाने पिवळी पडतात. पोयटा माती, वाळू आणि भरपूर कुजलेला पालापाचोळा मिसळून वाफा थोडा उंच करावा.

लागवडीस जूनचा उत्तरार्ध व जुलै सोयीचा. जुने गड्डे मुळांसकट उपटून, प्रत्येक भागाला काही फुटवे राहतील असे हाताने किंवा सुरीने फोडावेत आणि २०–३० सेंमी. अंतरावर लावावेत. फुटव्याचा बुंधा मातीत गाडू नये, कुजतो. पहिल्या वर्षी वाढ अगदी संथ असते; मधल्या रिकाम्या जागेत तण माजू नये म्हणून पाचोळ्याचे आच्छादन घालावे. दर तीन-चार वर्षांनी गड्डे पुन्हा फोडता येतात.

खताची भूक थोडी. पावसाळ्याच्या सुरुवातीला शेणखत किंवा गांडूळखत पुरते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने पानांचे शेंडे तपकिरी होतात, म्हणून जमेल तेव्हा साठवलेले पावसाचे पाणी द्यावे. जुनी, फाटलेली पाने नवे कोंब दिसण्याआधीच कापावीत. उशीर झाला तर कोवळे शेंडे कापले जाऊन वर्षभर पाने बोथट दिसतात. संततधारेत पाणी साचल्यास मूळकूज लागते. असे गड्डे काढून टाकणेच योग्य. गोगलगायी रात्री पाने कुरतडतात. त्या टॉर्चच्या उजेडात वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. वाफ्यात मीठ पसरू नये.