बाहुल्या त्याच, कंपनी लहान
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

येत्या हंगामापासून आमची कंपनी लहान होते आहे. मोठा स्टुडिओ आम्ही सोडतो आहोत. कार्यशाळा आणि ऑफिस एकाच जागेत आणतो आहोत, मोठ्या रंगमंचाचे प्रयोग थांबवतो आहोत आणि आमच्या काही सहकाऱ्यांच्या कायम नोकऱ्या संपत आहेत. ही बातमी तुमच्यापर्यंत उडत उडत येण्याऐवजी आमच्याकडून नीट यावी, म्हणून हे पत्रक. कंपनी बंद होत नाही आणि विकलीही जात नाही. ती आमच्या कुटुंबाकडेच राहणार आहे आणि पुढेही बाहुल्यांचंच काम करणार आहे.

ठरलेल्या कामांचं काय?

तारीख ठरलेले लहान प्रयोग, शाळांमधली शिबिरं, जाहिरातींची चित्रीकरणं, सगळं ठरल्याप्रमाणे होईल. अपवाद फक्त मोठ्या रंगमंचाच्या प्रयोगांचा. त्यांची आगाऊ रक्कम कोणतीही कपात न करता परत मिळेल. त्याऐवजी लहान प्रयोग हवा असेल तर जरूर कळवा. मात्र तो मोठ्या प्रयोगाला कात्री लावून केलेला नसेल. त्याच्या बाहुल्या वेगळ्या, संहिता वेगळी, गोष्टही वेगळी. तिघांसाठी रचलेलं नाटक तिघांत छान रंगतं. दहा जणांचं नाटक तिघांत कोंबलं तर प्रेक्षकांना गोष्टीऐवजी पडद्यामागची धावपळच ऐकू येते, आणि तसा प्रयोग आम्ही तुमच्या दारात आणणार नाही.

एका बाहुलीला माणसं किती?

मोठे प्रयोगच का थांबवले, असं बरेच जण विचारतात. त्याचं उत्तर बाहुलीच्या रचनेत आहे. हातमोज्यासारखी घालायची बाहुली एकटा माणूस चालवतो. तोंड उघडणारी आणि मनगटांना काड्या लावलेली बाहुलीही एकट्याला जमते. एक हात डोक्यात असतो, दुसऱ्या हाताच्या बोटांत दोन्ही काड्या. पण त्याच बाहुलीने पेला उचलावा, पुस्तकाचं पान उलटावं, गिटार वाजवावी असं तुम्ही म्हणालात की काड्यांचं काम संपलं. मग बाहुलीच्या बाहीत खरा हात घालावा लागतो. मुख्य बाहुलीकार उजव्या हाताने डोकं चालवतो आणि डावा हात बाहुलीच्या डाव्या बाहीत घालतो. उजव्या बाहीसाठी दुसरा बाहुलीकार त्याला अगदी चिकटून उभा राहतो. दोघांचा श्वाससुद्धा जुळावा लागतो, नाहीतर दोन्ही हात एकाच शरीराचे वाटत नाहीत. जपानच्या बुनराकू परंपरेत तर एका प्रमुख बाहुलीला तीन माणसं लागतात. एकाकडे डोकं आणि उजवा हात, दुसऱ्याकडे डावा हात, तिसऱ्याकडे पाय.

आमच्या मोठ्या प्रयोगात अशा दोघांच्या बाहुल्या बऱ्याच होत्या. बाहुली मंचावर पाच मिनिटंच दिसते, म्हणून तिच्या उजव्या हाताला पाच मिनिटांचा पगार देता येत नाही. तो माणूस तालमीला पूर्ण वेळ असतो, गाडीत असतो, मुक्कामालाही असतो. पूर्वी वर्षभर चालणाऱ्या एखाद्या मोठ्या मालिकेच्या कामावर हा सगळा खर्च निघायचा. आता कामं येतात ती तुकड्यातुकड्यांनी. दोन दिवसांचं चित्रीकरण, एका दुपारचा प्रयोग, मग तीन आठवडे काहीच नाही. स्टुडिओचं भाडं, गोदाम आणि पगार मात्र त्या तीन आठवड्यांतही चालूच राहतात. बाहेरच्या गुंतवणूकदाराचा पैसा आमच्याकडे नाही. निर्णय लांबवला तर हिशेब आणखी बिघडेल, हे घरात बसून ठरवताना सगळ्यांनाच पटलं. कुटुंबातल्यांनी आपले पगार आधी कमी केले. ते पुरलं नाही, तेव्हा बाकीचे निर्णय घेतले.

पुढच्या यादीत हातमोज्याच्या, काडीच्या आणि छायाबाहुल्यांचे खेळ असतील. कळसूत्री बाहुल्याही राहतील, पण मंचाच्या वर बांधलेल्या उंच पुलावर उभं राहून चालवायच्या नव्हे. बाहुलीकार प्रेक्षकांना दिसतो अशा. कळसूत्री बाहुलीला साधारणपणे नऊ दोऱ्या असतात. डोक्याला दोन, खांद्यांना दोन, हातांना दोन, गुडघ्यांना दोन आणि पाठीला एक. त्या नवांवर चालणारी बोटं मुलांना जवळून पाहता येतील, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे.

कंपनी विकली का नाही?

हा प्रश्न आमच्या जुन्या ग्राहकांनी काळजीपोटी विचारला. आमच्यापेक्षा कितीतरी मोठ्या अशा एका कुटुंबाचा अनुभव आमच्या डोळ्यांपुढे होता. जिम आणि जेन हेन्सन यांनी १९५८ मध्ये अमेरिकेत आपली बाहुल्यांची कंपनी काढली. १९९० मध्ये जिम यांचं निधन झालं आणि कारभार मुलांकडे आला. २००० मध्ये कंपनी ईएम.टीव्ही या जर्मन कंपनीला सुमारे ६८ कोटी डॉलरना विकली गेली. पुढे विकत घेणारी कंपनीच अडचणीत आली आणि २००३ मध्ये हेन्सन भावंडांनी आपली कंपनी त्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात परत घेतली. तोवर सेसमी स्ट्रीट या मुलांच्या टीव्ही मालिकेतली त्यांची पात्रं, ती मालिका बनवणाऱ्या सेसमी वर्कशॉपकडे गेली होती. २००४ मध्ये मपेट्स, म्हणजे हेन्सन यांची सर्वांत गाजलेली बाहुली-पात्रं, डिस्नेकडे गेली. म्हणजे ज्या पात्रांमुळे जग या कुटुंबाला ओळखतं, त्यांतली बहुतेक आज त्यांच्या मालकीची नाहीत. तरीही कंपनी टिकली, आणि बाहुल्या घडवणारी कार्यशाळा, क्रीचर शॉप, त्यांच्याकडेच राहिली. २०२४ मध्ये तर त्यांनी हॉलिवूडमधला आपला स्टुडिओ विकायचं ठरवलं. चार्ली चॅप्लिन यांनी १९१७ मध्ये उभारायला घेतलेली ही वास्तू. कंपनी आणि कार्यशाळा एका छताखाली आणायची, हा त्यामागचा विचार त्यांनी सांगितला होता.

लॉस एंजेलिसमधल्याच बॉब बेकर मॅरिओनेट थिएटर या कळसूत्री बाहुल्यांच्या नाट्यगृहानेही असंच काहीसं केलं. ते १९६३ मध्ये सुरू झालं. बेकर २०१४ मध्ये वारले. २०१८ मध्ये मूळ जागा सोडावी लागली आणि २०१९ मध्ये ते नव्या जागेत, ना-नफा संस्था म्हणून पुन्हा उघडलं. बाहुल्या सोबत गेल्या.

आमचा पसारा या दोघांच्या पासंगालाही पुरणार नाही. पण निर्णयांचा क्रम आम्ही त्यांच्याकडून घेतला. आधी इमारत सोडायची, मग मोठे प्रयोग. शिलाईचं टेबल, साचे आणि ते हाताळणारी माणसं यांना शेवटपर्यंत धक्का लावायचा नाही.

तुमच्या पात्राचे हक्क

ज्यांनी आमच्याकडून स्वतःच्या संस्थेसाठी किंवा मालासाठी खास पात्र करून घेतलं आहे, त्यांनी हा भाग कृपया सावकाश वाचावा. आमच्या मते या पत्रकातला हाच सर्वांत महत्त्वाचा मजकूर आहे.

एका पात्रामागे चार वेगवेगळ्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे प्रत्यक्ष बाहुली, तिचं फोम, कापड आणि डोळे. दुसरी, ती पुन्हा बनवण्यासाठी लागणारे साचे आणि बेतणीचे कागद. तिसरी, पात्राच्या रूपाचा आणि नावाचा हक्क. चौथी, त्या पात्राचा आवाज आणि चालण्याबोलण्याची लकब, जी एका विशिष्ट माणसाने घडवलेली असते. बाहुली विकत घेतली म्हणजे उरलेल्या तिन्ही गोष्टी आपोआप मिळत नाहीत. त्या कराराने ठरतात. कंपनी लहान होते, जागा बदलते, तेव्हा नेमका याच गोष्टींचा घोळ होतो. म्हणून प्रत्येक खास पात्राचा करार आम्ही काढून पाहतो आहोत. चारपैकी कोणतीही गोष्ट कागदावर मोघम असेल, तर ती स्पष्ट करणारं पुरवणी पत्र आम्ही आमच्या खर्चाने करून देऊ. साचे आणि बेतणीचे कागद तुमच्या मालकीचे असतील तर ते तुम्हाला घेऊन जाता येतील. आमच्याकडेच ठेवायचे असतील तर नव्या जागेत त्यांना कपाट आहे.

चौथी गोष्ट जरा नाजूक आहे. तुमच्या पात्राला आवाज देणारे सहकारी आता आमच्याकडे कायम नोकरीत नसतील, तर पात्राचं काय? पहिला पर्याय असा की, त्यांनाच त्या कामापुरतं बोलावायचं. बहुतेकांनी त्याला होकार दिला आहे. दुसरा पर्याय, पात्र नव्या बाहुलीकाराच्या हाती सोपवायचं. याची भीती बाळगू नका. मपेट्समधला कर्मिट बेडूक जिम हेन्सन यांच्यानंतर १९९० मध्ये स्टीव्ह व्हिटमायर यांच्याकडे आणि २०१७ मध्ये मॅट व्होगल यांच्याकडे गेला, आणि तो आजही कर्मिटच आहे. मात्र असं पात्र सुपूर्द करायला वेळ द्यावा लागतो. जुन्या माणसाने नव्यासोबत बसून पात्र कशावर हसतं, चिडल्यावर मान कुठे वळवतं, गप्प असताना काय करतं हे दाखवावं लागतं. या बैठकांचे पैसे आम्ही तुमच्याकडून घेणार नाही.

जाणारे सहकारी

त्यांच्यापैकी काहींनी आम्हाला लहानाचं मोठं होताना पाहिलं आहे. नियमाप्रमाणे देय असलेली रक्कम तर त्यांना मिळेलच. शिवाय कार्यशाळेचं टेबल, शिलाई मशीन आणि हत्यारं त्यांना स्वतःच्या कामासाठीही वापरता येतील, असं आम्ही ठरवलं आहे. तुमच्याशी थेट काम करायला त्यांच्यावर कसलीही बंदी नाही. तुम्हाला एखाद्याचं काम आवडत असेल तर आम्हाला विचारण्याची गरज नाही, सरळ बोलवा. आम्हाला आनंदच होईल.

जिथे कात्री लावली नाही

तालीम. हिशेबनीसांनी सर्वांत आधी तालमीच्या तासांवर बोट ठेवलं होतं, कारण त्या तासांचं बिल कोणालाच लावता येत नाही. तिथे आम्ही ठाम नाही म्हणालो.

बाहुलीला बोलतं करणं दिसतं तितकं सोपं नाही. नवशिका माणूस बोलताना चारही बोटं वर उचलतो, त्यामुळे बाहुलीचं वरचं डोकंच मागे उडतं आणि ती छताकडे पाहून बोलल्यासारखी वाटते. खरं तर बोटं स्थिर ठेवून अंगठा खाली न्यायचा असतो. आपणही बोलताना खालचाच जबडा हलवतो. प्रत्येक अक्षरावर तोंड मिटायचं नसतं, उघडायचं असतं. याची सवय झाली की पुढचा प्रश्न नजरेचा. बाहुलीचे डोळे स्थिर असतात, म्हणून मनगट किंचित खाली झुकवून तिला समोरच्या मुलाकडे पाहायला लावायचं. मनगट थकलं की पहिली नजर ढळते, आणि मुलांना ते लगेच कळतं. हे सगळं करताना हात डोक्याच्या वर ताणलेला असतो. रोज सराव नसेल तर तो तितका वेळ टिकतच नाही. तालीम कमी केली असती तर आम्ही तुम्हाला त्याच पैशांत खालच्या दर्जाचा खेळ दिला असता. त्यापेक्षा कमी खेळ करणं आम्हाला मान्य आहे.

दुरुस्तीलाही हात लावलेला नाही. आमच्याकडे बनलेली कोणतीही बाहुली, कितीही जुनी, दुरुस्तीला येऊ शकते. फक्त आता आधी वेळ घ्यावी लागेल.

गोदामात ठेवलेल्या तुमच्या बाहुल्या

मोठं गोदाम जात असल्यामुळे ग्राहकांच्या सगळ्याच बाहुल्या ठेवून घेणं शक्य नाही. ज्या वर्षातून एकदाच बाहेर निघतात त्या शक्यतो तुम्ही न्याव्यात, अशी विनंती आहे.

नेल्यावर एवढं सांभाळा. फोमच्या बाहुलीचे शत्रू म्हणजे ऊन, उष्णता आणि दमट हवा. फोम लेटेक्सचा, म्हणजे रबरी फोमचा, चेहरा तर नीट ठेवला तरी वयोमानाने कडक होतो, भुगा पडू लागतो. तो कायम टिकेल अशी हमी कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. त्याचा साचा जपणं हाच उपाय. बाहुली काचेच्या कपाटात उन्हासमोर ठेवू नका, बंद गाडीत विसरू नका. घडी घालून पेटीत दाबू नका, कारण फोमवर पडलेली घडी जात नाही. आतून आम्लरहित पातळ कागद भरा म्हणजे डोकं बसणार नाही, आणि शक्य असेल तर ती स्टँडवर उभी ठेवा. झाकायला सुती कापड वापरा, प्लॅस्टिकची पिशवी नको. मळ दिसला तर ओल्या फडक्याने घासण्याऐवजी मऊ ब्रशने झटका आणि डाग तसाच राहिला तर आमच्याकडे पाठवा. कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्या तिला चालवण्याच्या लाकडी पट्टीभोवती गुंडाळून, मग टांगून ठेवा. आडवी ठेवलीत तर गुंता सोडवण्यात अर्धा दिवस जाईल.

जागा बदलण्याआधी प्रत्येक ग्राहकाला त्याच्या बाहुल्या, साचे आणि बेतणीचे कागद यांची फोटोंसह यादी मिळेल. प्रत्येक वस्तूसमोर ‘आम्ही नेतो’ किंवा ‘तुमच्याकडे राहू दे’ यांपैकी एका रकान्यात खूण करा, सही करा आणि यादी परत पाठवा. यादीत एखादी वस्तू राहून गेली आहे असं वाटलं तर तीही हाताने लिहा. सामान हलवण्याच्या आत आम्ही ती शोधून कळवू. ज्यांची यादी वेळेत परत येणार नाही, त्यांच्या वस्तूंना आम्ही हात लावणार नाही. त्या नावाच्या चिठ्ठीसह आमच्यासोबत नव्या जागेत येतील.