कंपनीकालीन प्राणी-वनस्पती चित्रे

ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत, साधारण 1770 ते 1850 या काळात, कंपनीशी संबंधित इंग्रजांनी भारतीय चित्रकारांकडून काढून घेतलेली पशुपक्ष्यांची आणि झाडाझुडपांची चित्रे. ही कंपनी शैलीचीच, म्हणजे भारतीय चित्रकारांनी युरोपीय ग्राहकांसाठी घडवलेल्या मिश्र चित्रशैलीचीच, एक शाखा. इमारती लाकूड, रंग, औषधी, मसाले यांची नेमकी ओळख कंपनीला व्यापारासाठी हवी होती. वाळवून दाबलेल्या नमुन्याचा रंग उडतो, फूल चपटे होते. ती उणीव चित्र भरून काढी. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसच्या वर्गीकरण पद्धतीत वनस्पतीचा वर्ग पुंकेसर मोजून ठरत असल्याने फांदीच्या चित्राखाली फुलाचे सुटे केलेले भागही रेखाटत.

या चित्रांतला सर्वांत देखणा संच कलकत्त्याचा. तेथील सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एलिजा इम्पी यांच्या पत्नी मेरी इम्पी यांनी आपल्या बागेत पशुपक्षी पाळले होते. त्यांची चित्रे काढण्यासाठी त्यांनी 1777 ते 1782 या काळात पाटण्याचे शेख झैनुद्दीन, भवानी दास व राम दास यांना कामाला लावले. संचात 300 हून अधिक चित्रे झाली, त्यांत निम्म्याहून अधिक पक्ष्यांची. कागद इंग्लंडचा, हात मात्र मुघल लघुचित्रांत तयार झालेला. भवानी दास किंवा त्याच्या परंपरेतील चित्रकाराचे मानले जाणारे वटवाघूळ न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे: एक पंख पसरलेला, दुसरा मिटलेला, अंगावरची लव बारीक कुंचल्याने उठवलेली. मागे कोरा कागद, म्हणून नजर दुसरीकडे जातच नाही.

या चित्रांवर चित्रकारांची नावे आहेत, ही गोष्ट तेव्हा दुर्मीळच. हिमालयातील मोनाल पक्ष्याच्या शास्त्रीय नावात मात्र इम्पीबाईच अमर झाल्या. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनी अडीच हजारांहून अधिक वनस्पतिचित्रे करवून घेतली, पण ती काढणारे बहुतांशी निनावीच राहिले. मद्रासकडे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट यांनी रंगैया व गोविंदू या आपल्या चित्रकारांची नावे छापली. ऑर्किडच्या एका प्रजातीला (genus) तर ‘गोविंदूइया’ असे नाव दिले. पुढे ती ट्रॉपिडिया या दुसऱ्या प्रजातीत विलीन झाली आणि गोविंदूचा हा मानही गेला.

महाराष्ट्रातील उदाहरण पुण्याजवळच्या दापोडीचे. तेथील सरकारी वनस्पती उद्यानाचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी 1840 च्या दशकाच्या अखेरीस उद्यानातील झाडांची चित्रे करवून घेतली. ती आज एडिनबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढीच त्याची ओळख उरली आहे.