बालवाचकांचा शब्दसंपत्ती विकास

वाचायला शिकत असलेल्या मुलांना नवे शब्द ऐकण्याची, समजून घेण्याची, बोलण्यात वापरण्याची आणि छापील मजकुरात ओळखण्याची संधी जाणीवपूर्वक मिळवून देण्याच्या प्रक्रियेला बालवाचकांचा शब्दसंपत्ती विकास असे म्हणतात. बालवाडीपासून साधारण चौथी-पाचवीपर्यंतची वर्षे त्यात येतात. या वयोगटाच्या एकाच वर्गात कुणी अजून अक्षरे जुळवत असते, कुणी सबंध गोष्ट एका दमात वाचते, कुणाच्या घरी शाळेतली मराठी बोलली जात नाही, तर कुणाला ऐकण्यात, पाहण्यात किंवा अक्षरांची उकल करण्यात अडचण असते. अशा सर्व मुलांचा शब्दसाठा एकाच वेळी कसा वाढवावा, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचे एक साधे प्रतिमान मांडले. वाचलेले समजण्यासाठी लिपीची उकल, म्हणजे अक्षरे जुळवून शब्द वाचणे, आणि ऐकलेल्या भाषेचे आकलन या दोन्ही गोष्टी लागतात आणि एक शून्य असेल तर दुसरीचा उपयोग होत नाही, असे हे प्रतिमान सांगते. प्रत्यक्ष वर्गासाठी त्यातून निघणारा निष्कर्ष मोलाचा आहे. अडखळत वाचणाऱ्या मुलाची भाषेची समज कमी असते असे नाही. तरीही जे मूल वाचनात मागे, त्याच्या वाट्याला ‘कमल घर बघ’ यासारखी दोन-तीन अक्षरी शब्दांची वाक्ये येतात आणि भरघोस शब्दांच्या गोष्टी आधीच चांगले वाचणाऱ्यांच्या वाट्याला जातात. उकलीच्या सरावासाठी सोपा मजकूर लागतोच. पण मुलाला दिवसभरात तेवढीच भाषा मिळत असेल, तर वाचन सुधारेपर्यंत त्याचा शब्दसाठाही खुंटलेला असतो. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुका आणि कर्नाटकातील यादगीर जिल्हा येथे मराठी व कन्नड साक्षरतेचा जो दीर्घकालीन अभ्यास शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी केला, त्यातही लिपी शिकवण्यावरचा भर आणि अर्थाकडे झालेले दुर्लक्ष ठळकपणे पुढे आले.

ही दरी आपोआप भरून येत नाही. ज्याला वाचता येते तो अधिक वाचतो, त्याला अधिक शब्द मिळतात आणि त्यामुळे पुढचे वाचन आणखी सोपे होते. मागे पडलेल्याच्या बाबतीत नेमके उलट घडते. या घटनेसाठी बायबलमधील मॅथ्यूच्या शुभवर्तमानावरून आलेले ‘मॅथ्यू परिणाम’ हे नाव कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये वाचनाच्या संदर्भात रूढ केले. बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांनी अमेरिकेतील ४२ कुटुंबांचे निरीक्षण करून १९९५ मध्ये असा निष्कर्ष काढला, की गरीब घरांतील मुलांच्या कानांवर शाळेपूर्वीच्या वर्षांत कितीतरी कमी शब्द पडतात. हा निष्कर्ष फार गाजला आणि पुढे त्याच्या पद्धतीवर टीकाही झाली. आपल्याकडे तो जसाच्या तसा लावणे अन्यायाचे ठरेल. वारली किंवा कातकरी पाड्यावरच्या मुलाला झाडे, पाने, मासे, पाखरे यांची जी नावे ठाऊक असतात, ती शहरातल्या शिक्षकालाही क्वचितच माहीत असतात. त्या मुलाजवळ शब्द असतात, पण पाठ्यपुस्तकात ते नसतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे केलेल्या कामात शंख, शिंपले, बिया, पाने अशा परिसरातल्या वस्तू शिक्षणसाहित्य झाल्या आणि गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली. मुलाच्या हाती आधीच असलेल्या वस्तूवरून तिच्या शब्दाकडे जाण्याचा तो मार्ग आजही तितकाच खरा आहे.

कोणते शब्द मुद्दाम शिकवावेत, याविषयी इझाबेल बेक, मार्गारेट मॅककीऑन आणि लिंडा कुकन यांची त्रिस्तरीय विभागणी उपयोगी पडते. पहिल्या स्तरावर घरात सहज मिळणारे शब्द येतात, जसे पाणी, धावणे, लाल. तिसऱ्या स्तरावर एखाद्या विषयापुरते शब्द येतात, जसे बाष्पीभवन, अपूर्णांक, उभयचर. या दोहोंच्या मधला दुसरा स्तर, म्हणजे विपुल, तुलना, आढळणे, परिणाम, उत्सुक, अपुरा असे शब्द, बोलण्यात कमी पण पुस्तकात पानोपानी भेटतात. शिकवण्याचा वेळ प्रामुख्याने यांच्यावर खर्च करावा, असे या अभ्यासकांचे म्हणणे आहे. ज्या मुलाच्या घरी मराठी नाही, त्याच्यासाठी मात्र पहिल्या स्तरातले शब्दही नवे असतात आणि ही विभागणी त्या मुलासाठी नव्याने करावी लागते. काही शब्द ओळखीचे वाटत असतात म्हणूनच घात करतात. ‘छेद’ म्हणजे भोक हे माहीत असलेले मूल गणितातला छेद पाहून गोंधळते आणि आपण गोंधळलो आहोत हे त्याला सांगताही येत नाही.

मराठीची स्वतःची अशी एक अडचण सामान्यरूपाची आहे. ‘देऊळ’ हा शब्द येणाऱ्या मुलासमोर पुस्तकात ‘देवळात’ येते, ‘पाऊस’चे ‘पावसाने’ होते, ‘माणूस’चे ‘माणसांना’ होते, ‘विहीर’चे ‘विहिरीजवळ’ होते. सराईत वाचकाच्या हे ध्यानातही येत नाही, पण अक्षर-अक्षर जुळवणाऱ्या मुलाला ‘दे-व-ळा-त’ वाचून झाल्यावर हाती काहीच लागत नाही. म्हणून शब्द शिकवताना त्याची दोन-तीन रूपे वाक्यांतून ऐकवणे आणि फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिणे गरजेचे आहे. शब्दांच्या घडणीकडे लक्ष वेधण्याचा फायदा मोठ्या शब्दांतही होतो. जलचर, भूचर, उभयचर यांतला ‘चर’ एकदा उमगला, की एक शब्द शिकल्यावर तीन हाती येतात. अपूर्णांकात ‘अ’, ‘पूर्ण’ आणि ‘अंक’ दडलेले आहेत हे दिसले, की तो शब्द घाबरवत नाही.

सरावाने रुजलेली पद्धत अशी, की धड्याच्या शेवटचे शब्दार्थ वहीत उतरवून घ्यायचे, पाठ करायचे आणि मग ‘वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न सोडवायचा. ती अपुरी पडते. ‘पाझरणे म्हणजे थोडे थोडे गळणे’ एवढेच पाठ केलेले मूल ‘माझ्या खिशातून पैसे पाझरले’ असे वाक्य लिहू शकते, आणि दिलेल्या अर्थाला धरून पाहिले तर ते चुकलेलेही नसते. समानार्थी शब्दाने शब्दाचा पत्ता कळतो, पण त्याचे घर आतून दिसत नाही. त्यासाठी तो शब्द निरनिराळ्या प्रसंगांत पुन्हा पुन्हा भेटावा लागतो, आणि या भेटींमध्ये काही दिवसांचे अंतर असेल तर तो अधिक टिकतो.

हाच ‘पाझरणे’ शब्द तिसरीच्या मिश्र क्षमतांच्या वर्गात वेगळ्या रीतीने घेता येतो. शिक्षिका आधी पाण्याची एखादी गोष्ट मोठ्याने वाचून दाखवतात आणि वाचता वाचता थांबून मुलांना बोलते करतात. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या संवादी वाचनाचा गाभाही हाच आहे. मग वर्गात एक माठ, धुतलेले तांदूळ ठेवलेली रोवळी, ओला रुमाल आणि सैल तोटीचा नळ अशा वस्तू येतात. माठ पाझरतो, तांदूळ निथळतात, नळ ठिबकतो, पावसाचे पाणी जमिनीत झिरपते. पाचही बोटांनी माठाची ओलसर बाजू चाचपून पाहिलेले मूल हा फरक विसरत नाही. इथपर्यंत सगळा वर्ग एकत्र असतो. पुढे आधाराचे प्रमाण बदलते. अक्षर ओळखणारी मुले चित्राखाली शब्दपट्टी ठेवतात आणि वाक्य तोंडी सांगतात. शब्द वाचणारी मुले ‘माठाला …’ असे अर्धे वाक्य पुरे करतात. सलग वाचणाऱ्यांना ‘माठ पाझरतो म्हणतात, मग ठिबकतो का म्हणत नाहीत?’ हा प्रश्न मिळतो आणि त्यातलीच काही ‘दगडाला पाझर फुटणे’ या वाक्प्रचारापर्यंत पोचतात. शब्द तोच राहिला आणि विचारही सर्वांनी केला. कमी-अधिक केला तो फक्त लेखन-वाचनाचा भार. माझ्या मते मिश्र वर्गासाठी याहून न्याय्य रचना नाही.

वाचनस्तरानुसार गट करण्याची पद्धत ‘प्रथम’ या संस्थेच्या कामामुळे अनेक राज्यांत पोचली. प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांवर मुलाची जागा पाहून त्याप्रमाणे सराव देणे उकलीसाठी परिणामकारक आहे. मात्र ही पायरी मुलाच्या शब्दसाठ्याची नव्हे. गोष्ट ऐकण्याच्या आणि त्यावर बोलण्याच्या वेळी गट मोडून सर्वांना एकत्र बसवणे म्हणूनच आवश्यक ठरते. साहित्याची पूर्वीसारखी टंचाई आता नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर चार वाचनस्तरांच्या मराठी गोष्टी विनामूल्य मिळतात.

विशेष गरजा असलेल्या मुलांच्या बाबतीत शब्दाकडे जाण्याचा मार्ग बदलावा लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट समावेश आहे. अशा मुलाला मजकूर ऐकवला आणि उत्तर तोंडी देऊ दिले, तर त्याचा शब्दसाठा वयानुरूप वाढत राहू शकतो. दृष्टिहीन मूल भारती ब्रेल या भारतीय भाषांसाठीच्या उठावाच्या लिपीतून शब्द वाचू शकते, पण क्षितिज, इंद्रधनुष्य, डोंगररांग यांसारखे शब्द त्याच्यासाठी केवळ ध्वनी राहण्याचा धोका असतो. उठावाचे नकाशे, मातीच्या प्रतिकृती आणि सविस्तर वर्णन यांची तेथे गरज पडते. कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी खूण, चित्र आणि लिखित शब्द एकाच वेळी समोर हवेत. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलासोबत शब्द थोडे घ्यावेत आणि ते जेवण, कपडे, बाजार अशा रोजच्या व्यवहारात पुष्कळदा वापरावेत.

घरची बोली हा अडथळा मानण्याची सवय अजून गेलेली नाही. विदर्भातले मूल पेरूला जाम आणि बटाट्याला आलू म्हणते; कोकणातल्या मुलासाठी जाम हे निराळेच फळ असते. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणारी, तसेच गोंडी, कोरकू, पावरी बोलणारी मुले शाळेत येतात तेव्हा कल्पना त्यांच्याजवळ असते, तिला प्रमाण मराठीचे नाव तेवढे नवे असते. दोन्ही शब्द एकाच चित्राखाली भिंतीवर लावले, तर नवा शब्द जुन्याच्या आधाराने शिकला जातो. ऊसतोडीसाठी घराबरोबर हंगामभर स्थलांतर करणाऱ्या मुलांच्या बाबतीत शाळाच मध्ये तुटते, तेव्हा शब्दांच्या पुनर्भेटीही तुटतात आणि परतल्यावर त्या नव्याने घडवाव्या लागतात. परदेशी वाढणाऱ्या मराठी मुलांची स्थिती वेगळी आहे. स्वयंपाकघरातली मराठी त्यांना पुरती कळते, पण दुसऱ्या स्तरावरचे शब्द त्यांच्याजवळ इंग्रजीतच असतात.

प्रगती मोजताना ‘येतो’ आणि ‘येत नाही’ एवढे दोन रकाने पुरत नाहीत. एडगर डेल यांनी १९६५ मध्ये शब्दाच्या ओळखीच्या चार पायऱ्या सांगितल्या : कधी न ऐकलेला, ऐकलेला पण अर्थ न कळणारा, संदर्भात अंदाजाने कळणारा आणि नीट माहीत असलेला. मूल दुसऱ्या पायरीवरून तिसरीवर आले, तर लेखी चाचणीत ते दिसत नाही. ते दिसते मधल्या सुट्टीत, जेव्हा अजून अक्षरे जुळवणारी मुलगी पाण्याची बाटली उचलून बाईंना सांगते, ‘बाई, ही खालून पाझरतेय.’ अशा नोंदी तारखेसह वहीत ठेवणे हे या वयात शब्दसाठ्याच्या मूल्यमापनाचे महत्त्वाचे साधन आहे.