विंडोज 10 चा पीसी बदलायचा की ठेवायचा? दुकानात येण्याआधी वाचा

"चालस ना भाऊ, मंग काबर बदलानं?" काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न हाच, आणि तो रास्त आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, म्हणजे पीसी बंद पडला असं नाही. सुरक्षेत नव्याने सापडणारी भोकं मायक्रोसॉफ्टने बुजवणं तेवढं थांबलं. घरगुती पीसीला नोंदणी केल्यास 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. तेव्हा कोणी घाबरवलं म्हणून नवा पीसी घेऊ नका. मात्र ज्या मशीनवरून बँक आणि जीएसटीचं काम होतं, ते तसंच वापरत राहू नका.

विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची सोय) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचे प्रोग्राम चालू देणारी सोय) लागतं. इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात. आता गंमत बघा: बऱ्याच मशीनमध्ये टीपीएम असतं, पण बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मुळाशी असलेल्या सेटिंगमध्ये, बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डवर ते 'पीटीटी' नावाने सापडतं, एएमडीवर 'एफटीपीएम'. दुसऱ्या दुकानातून "चालणार नाही" म्हणून परत पाठवलेला पीसी आमच्याकडे दहा मिनिटांत पास झालेला आहे. पण हे घरी करू नका. तुमचं विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं असेल, तर आधी डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीवरून नव्या जीपीटीवर न्यावी लागते. ते न करता बायोसमध्ये फक्त बटणं फिरवली, तर विंडोज उठतच नाही.

बायोस म्हणजे फर्मवेअर. स्विच दाबल्यावर विंडोजच्याही आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम, बोर्डवरच्या एका चिपमध्ये बसलेला. त्याचं अपडेट आम्ही मे महिन्यातल्या दुपारी करत नाही. एकदा यूपीएसच्या भरवशावर केलं, ऐन वेळी लाईट गेली आणि यूपीएसची बॅटरी म्हातारी निघाली. बोर्ड निपचित पडला. चिपला क्लिप लावून तिच्यात प्रोग्राम पुन्हा लिहावा लागला. खर्च आम्ही सोसला, पण गिऱ्हाइकाचा आठवडा गेला तो गेलाच.

अपडेटच्या आधी आम्ही बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, तात्पुरतं थांबवतो, नाहीतर पुढच्या वेळी पीसी 48 अंकी रिकव्हरी की मागत बसतो. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्कला हे कुलूप बहुतेक वेळा आपोआप लागतं आणि किल्ली त्या अकाउंटमध्ये जाते. ते अकाउंट भाच्याच्या जुन्या मेलवर काढलेलं असेल आणि त्याला पासवर्ड आठवत नसेल, तर किल्लीही गेली. मग तो डेटा आम्हालाही उघडता येत नाही. आजच ती की कागदावर लिहून कपाटात ठेवा.

विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी दुसरी सिस्टिम टाकायची का? निवृत्त गुरुजी, कॉलेजची पोरं, फक्त ब्राउझर वापरणारं घर यांना आम्ही बिनधास्त हो म्हणतो. लिनक्सचाच 'मिंट' हा प्रकार 4 जीबी रॅमवरही नीट चालतं आणि अकाउंट काढायचा आग्रह धरत नाही. पण टॅली असेल, श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइली असतील, डिजिटल सहीचा टोकन असेल, तर विंडोजच ठेवा. आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून वाय-फाय आणि आवाज तपासतो, कारण ब्रॉडकॉम कंपनीच्या काही वाय-फाय चिपना वेगळं फर्मवेअर द्यावं लागतं. प्रिंटरचंही तसंच. घरोघरी दिसणारा एचपीचा लेझरजेट 1020 बंद केला की स्वतःचं फर्मवेअर विसरतो, दर वेळी चालू झाल्यावर कॉम्प्युटरने ते त्याला पुन्हा पाठवायचं असतं. लिनक्सवर ती सोय एकदा करून द्यावी लागते. एवढी एक गोष्ट माहीत नसल्याने चांगले प्रिंटर भंगारात गेलेत.

आता खासगीपणा. यावल-रावेरकडच्या केळी व्यापाऱ्याच्या पीसीत शेतकऱ्यांची नावं, बँक खाती, कोणाची किती उचल, सगळं असतं. ती वही आपण चावडीवर उघडी टाकत नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी'खाली 'डायग्नोस्टिक्स' उघडा आणि ऐच्छिक माहिती पाठवणं बंद करा. आवश्यक ठरवलेली थोडी माहिती तरीही जाते, घरगुती विंडोजमध्ये ती पूर्ण थांबत नाही. आणि फुकटात ॲक्टिव्हेट करून देणारे प्रोग्राम आम्ही टाकत नाही. ते आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. घरात शिरणाऱ्याने कुत्रं बांधून ठेवायला सांगावं, तसला प्रकार.

दुरुस्तीला देताना मेलचा किंवा बँकेचा पासवर्ड आम्हाला सांगू नका, लागतच नाही. डिस्क बदलली तर जुनी मागून घ्या, बिघडलेली असली तरी.

येताना चार्जर, प्रिंटरचं मॉडेल आणि ती 48 अंकी की आणा. तपासणीला अर्धा तास लागतो. शक्यतो सकाळी या.