इन्सुलिन रेझिस्टन्स: झाडापासून गोळीपर्यंत

रक्तात इन्सुलिन, म्हणजे साखर आटोक्यात ठेवणारं संप्रेरक, असूनही शरीर त्याला दाद देत नाही (यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात), हे ब्रिटिश डॉक्टर हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये दाखवून दिलं. ग्लुकोज आणि इन्सुलिन एकाच वेळी दिल्यावर काही रुग्णांची साखर आटोक्यात राहिली, काहींची मात्र चढतच गेली. पुढे १९६० मध्ये यालो आणि बर्सन यांनी रक्तातलं इन्सुलिन मोजण्याची पद्धत आणली आणि १९८८ मध्ये जेराल्ड रीव्हन यांनी उच्च रक्तदाब, वाढलेली ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) यांचं मूळही इथेच असल्याचं मांडलं. साखर उतरवणाऱ्या वनस्पतींचा शोध मात्र त्याआधीच सुरू झाला होता.

त्यातली सर्वांत मोलाची वनस्पती म्हणजे गॅलेगा ऑफिसिनॅलिस. युरोपातल्या जुन्या वैद्यकात ती होतीच. तिच्यात ग्वानिडीनच्या जातीची द्रव्यं सापडतात, आणि ग्वानिडीनने प्राण्यांची साखर उतरते हे १९१८ मध्ये लक्षात आलं. त्यातलं गॅलेजीन माणसांवर वापरूनही पाहिलं गेलं, पण टिकलं नाही. ही वनस्पती जास्त खाल्ली तर मेंढ्या दगावतात, एवढी ती जहाल. म्हणून तिचा काढा हा सुरक्षित उपाय ठरला नाही. त्याच रासायनिक कुळातलं मेटफॉर्मिन, म्हणजे आजची मधुमेहावरची नेहमीची गोळी, १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं आणि बराच काळ अडगळीत पडून राहिलं. फिलिपिन्समध्ये युसेबियो गार्सिया यांनी ते फ्लूसाठी वापरलं, तेव्हा साखर उतरल्याची नोंद झाली. त्या धाग्यावरून पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये मधुमेहावरचे निष्कर्ष छापले. अमेरिकेत मान्यता मिळायला १९९४ उजाडलं. ‘नैसर्गिक’ म्हणून जे विकलं जातं, त्याला या वाटेवरची निम्मी तपासणीही सहसा लाभलेली नसते, आणि माझ्या मते खरी अडचण हीच आहे.

दालचिनीचंच घ्या. २००३ मध्ये पाकिस्तानातल्या ६० रुग्णांवर, रोज १ ते ६ ग्रॅम देऊन, ४० दिवसांचा अभ्यास झाला. साखर चांगलीच उतरली आणि दालचिनीच्या कॅप्सूल सगळीकडे दिसू लागल्या. नंतरच्या चाचण्यांत निकाल एकसारखे आले नाहीत. शिवाय कॅसिया जातीच्या दालचिनीत कूमारिन असतं, ते जास्त झालं तर यकृताला बाधतं. क्रोमियम या खनिजाची कथा १९५०च्या दशकात उंदरांपासून सुरू झाली, पण २०१४ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने ते शरीराला आवश्यक असल्याचा खात्रीलायक पुरावा नसल्याचं सांगितलं. पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित संप्रेरकांचा विकार) असलेल्या स्त्रियांसाठी इनोसिटॉल या साखरेसारख्या द्रव्याकडे लक्ष गेलं ते १९९९ च्या एका छोट्या चाचणीमुळे.

बर्बेरिन या वनस्पतिजन्य द्रव्याचे चिनी अभ्यास २००८ च्या सुमारास गाजले. साखर उतरवण्यात त्याची मेटफॉर्मिनशी तुलना झाली, पण रुग्णसंख्या फारच लहान होती. शिवाय इतर औषधांचा निचरा करणाऱ्या यकृतातल्या एन्झाइमांना ते अडवतं. त्यामुळे आधीच गोळ्या चालू असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावं, आणि गरोदरपणी तर घेऊच नये.