मेडिकल बिलांचा नियम काँग्रेसने उडवला की कोर्टाने?

अमेरिकेतल्या आपल्या लोकांशी क्रेडिट स्कोअरवर बोलणं निघालं की एक वाक्य हमखास येतं, "तो मेडिकल बिलांचा नियम काँग्रेसने रद्द केला ना". (काँग्रेस म्हणजे तिथली संसद, आपला हाताचा पंजा नव्हे.) नाही हो. काँग्रेसने नाही, कोर्टाने केला, आणि "काय फरक पडतो, गेला तर गेलाच" असं वाटत असेल तर थांबा जरा.

नियम सीएफपीबीचा, म्हणजे ग्राहकांचं कर्ज, बँका वगैरे बघणारी केंद्राची एजन्सी. जानेवारी 2025 मध्ये, बायडन जाता जाता, एजन्सीने ठरवलं की दवाखान्याची थकबाकी क्रेडिट रिपोर्टवर दिसायलाच नको. त्यांचा अंदाज होता दीड कोटी लोक आणि 49 अब्ज डॉलरची बिलं.

आता काँग्रेसचा रस्ता. 1996 चा एक कायदा आहे, काँग्रेशनल रिव्ह्यू अ‍ॅक्ट. नवा नियम आला की ठराविक मुदतीत दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने ठराव करायचा, राष्ट्राध्यक्षांनी सही करायची, नियम खलास. सिनेटमध्ये एरवी 60 मतं जमवताना जो घाम निघतो तो इथे नाही. 2017 मध्ये याच एजन्सीचा लवादाचा (ग्राहक आणि कंपनीचे वाद कोर्टाबाहेर मिटवण्याबद्दलचा) नियम 51-50 ने असाच गेला, उपराष्ट्राध्यक्ष पेन्स यांचं मत निर्णायक ठरलं. मे 2025 मध्ये ओव्हरड्राफ्ट फीचा पण गेला. पण खरी मेख पुढे आहे, असा गेलेला नियम एजन्सीला जवळपास त्याच रूपात परत आणताच येत नाही, काँग्रेसने नवा कायदा करून परवानगी दिली तरच. म्हणजे सरकार बदललं तरी दार बंद.

मेडिकल बिलांवर पण असे ठराव मांडले गेले, पण त्यांनी काम तमाम व्हायच्या आधीच जुलै 2025 मध्ये टेक्सासच्या फेडरल जजने नियम रद्द केला, कारण क्रेडिट रिपोर्टिंगचा मूळ कायदा एजन्सीला एवढा अधिकार देत नाही. गंमत म्हणजे तोवर एजन्सीत नवी माणसं आलेली, त्यांनीच कोर्टात सांगितलं की नियम चुकलाच. कोर्टाने रद्द केलं तर ती कायमची बंदी चिकटत नाही, पुढच्या एजन्सीला वेगळी मांडणी करून प्रयत्न करता येतो, अर्थात हा निकाल आडवा येणारच.

आणि 500 डॉलरच्या आतली मेडिकल थकबाकी रिपोर्टवर दिसत नाही ते यातल्या कशामुळेच नाही, ते तिन्ही क्रेडिट ब्युरोंनी (क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या कंपन्यांनी) 2023 मध्ये आपणहून काढलं, त्यामुळे ते कोणी रद्द केलं नाही, पण ठेवायचं की नाही हे पण त्यांच्याच हातात.